क्लॅरियनची चार पानं

परक्या राज्याची पाटी असलेली गाडी टॉलिव्हरच्या मुख्य रस्त्यावर एकदा दिसली, तर तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. हमरस्ता चुकलेलं कुणीतरी असेल, पेट्रोल भरून जाईल. तीच गाडी दुसऱ्या दिवशी दिसली, की डार्लीनच्या कॅफेतल्या गप्पा जरा खालच्या आवाजात सुरू होत. नेथन एस्टेसची हिरवी गाडी तर सलग नऊ दिवस हार्डवेअरच्या दुकानासमोर उभी होती. दुकानाच्या माडीवरची खोली त्याने महिन्याच्या बोलीने घेतली होती. टॉलिव्हरमध्ये महिनाभर राहायला कुणी येत नाही. आठशे वस्तीचं गाव, शाळा सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गावात गेलेली, बँकेच्या इमारतीत आता कुत्र्यांचे केस कापतात.

"डुकरांच्या कंपनीचा माणूस आहे," व्हर्जिल हॉब्स म्हणाला. व्हर्जिल गावाचा महापौर, आणि धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापकही. दोन्ही कामं तो कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलावरूनच बघतो, असं लोक म्हणत. "आधी एक माणूस पाठवतात. तो गोड बोलतो, जमीन बघतो. मग दहा हजार डुकरं येतात आणि आपण खिडक्या लावून बसतो."

"कंपनीचा असता तर बूट बरे असते," डार्लीन कॉफी ओतत म्हणाली. "आणि तो जमीन कुठे बघतोय? स्मशान बघतोय. काल टेप घेऊन मोजत होता."

"स्मशान कशाला मोजतोय?"

"जाऊन विचार की. महापौर आहेस ना?"

व्हर्जिलने विचारलं नाही. त्याने मान वळवून लॉर्ना टिबेट्सकडे पाहिलं. "तुझ्याकडे येतो म्हणे रोज. काय मागतो?"

लॉर्ना अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकुनी केली, आणि आता जुन्या रेल्वे स्टेशनातलं गावाचं संग्रहालय सांभाळत होती. गाड्या बंद होऊन जमाना झाला होता. तिकिटाच्या खिडकीमागे आता नांगराचे फाळ, लग्नाचे झगे, आणि टॉलिव्हर क्लॅरियन या गावच्या साप्ताहिकाचे जाडजूड बांधीव खंड होते. संग्रहालय तिच्या आईने उभं केलं होतं. किल्ली आईकडून तिच्याकडे आली, तसा आईचा एक स्वभावही आला: वस्तू मागणाऱ्या माणसाकडे आधी नीट बघून घ्यायचं.

"जुनी वर्तमानपत्रं वाचतो," ती म्हणाली. "एकोणीसशे सतरा, अठरा."

"का?"

"सांगत नाही. 'घरचं थोडं काम आहे' म्हणतो."

व्हर्जिलने भुवया उंचावल्या. एवढ्याने त्या टेबलाचं मत ठरलं.

खरं तर लॉर्नाचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. एस्टेस साठीचा, वाळकुडा, बोलायला मऊ. स्पोकेनहून आलोय, आयुष्यभर जमिनीची मोजणी केली, आता निवृत्त आहे, एवढंच त्याने सांगितलं. टाचणासाठी पेन्सिल वापरायचा आणि ती टोकदार करायला खिशातून पातळ पात्याचा चाकू काढायचा. त्या चाकूकडे लॉर्नाचं लक्ष पुन्हा पुन्हा जायचं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "लूथरन चर्चच्या दफनांची वही इथेच असते ना, बाई?"

"बांधणीला दिलीय," लॉर्ना म्हणाली.

वही तिच्या खुर्चीमागच्या कपाटात होती. आपण खोटं का बोललो, याचं उत्तर तिला त्या वेळी देता आलं नसतं. त्याने स्वतः होऊन काही सांगितलं नव्हतं, म्हणून तिनेही हात आखडता घेतला, इतकंच.

जाताना तो एकदा दारात थबकून म्हणाला, "एल्म रस्त्यावरचं कोपऱ्यातलं पांढरं घर तुमचंच का?"

"हो. का?"

"सहज. ओसरी छान आहे."

त्या संध्याकाळी लॉर्नाने मागच्या दाराला कडी घातली. चाळीस वर्षांत तिने ती घातली नव्हती.

दहाव्या दिवशी एस्टेस १९१८ चा खंड दोन्ही हातांनी उचलून तिच्या टेबलापाशी आला. "यातला एक अंक नाहीये, बाई. अठरा एप्रिलचा. कापलेला दिसतोय."

लॉर्नाने पाहिलं. अकरा एप्रिलनंतर एकदम पंचवीस. मधला अंक शिवणीलगत अगदी सरळ रेषेत कापून काढलेला. दोन कागद, छापील चार पानं. खंडाच्या पहिल्या पानावर आईच्या सुरेख अक्षरातला शेरा होता: 'सर्व अंक तपासले. पूर्ण.'

"हा खंड तुमच्याआधी कुणी उघडलेला नाही," ती म्हणाली. "निदान मी आल्यापासून नाही."

एस्टेस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खंड हळूच टेबलावर ठेवला, टोपी घेतली आणि गेला. वाद घातला नाही, शपथा घेतल्या नाहीत. निर्दोष माणूस असा गप्प राहील का, असं लॉर्नाला वाटलं, आणि ती तशीच उठून कॅफेत गेली.

पुढचे चार दिवस गावाने आपलं काम चोख केलं. डार्लीनने त्याला कॉफी दिली, पण दुसऱ्यांदा कप भरला नाही. हार्डवेअरवाल्याला अचानक आठवलं, की खोली पुतण्याला हवी आहे. हिरव्या गाडीची दोन चाकं एका सकाळी जमिनीला टेकलेली सापडली. व्हर्जिलने काउंटीच्या शेरीफला फोन करून 'ऐतिहासिक ठेव्याची चोरी' असे शब्द वापरले. चोरी जुन्या वर्तमानपत्राची आहे हे ऐकून शेरीफने 'बघतो' म्हटलं.

पाचव्या दिवशी लॉर्ना तो खंड शेरीफला दाखवायचा म्हणून खिडकीपाशी घेऊन बसली. उजेड तिरपा पडला होता. पंचवीस एप्रिलच्या पहिल्या पानावर तिला एक तपकिरी चौकोन दिसला. डाग असेल म्हणून तिने बोट फिरवलं. डाग नव्हता. तो एका शेगडीचा आकार होता, पाय आणि धुराड्यासकट, आरशात दिसावा तसा उलटा. तिने समोरचं पान पाहिलं. अकरा एप्रिलच्या शेवटच्या पानावर शेगडीची काळीभोर जाहिरात होती. तिची शाई समोरच्या कागदावर उतरली होती.

जुन्या कागदांत ती इतकी वर्षं वावरली होती. शाईची अशी सावली चार दिवसांत पडत नाही. त्यासाठी दोन पानं एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं पडून राहावी लागतात. मधला अंक तिथे असता तर शेगडी त्याच्यावर उमटली असती. म्हणजे तो अंक एस्टेसने कापला नव्हता. तो कापला गेला तेव्हा एस्टेसने टॉलिव्हरचं नावही ऐकलं नसेल.

उठून कॅफेत जाऊन हे सांगायला तिला पाच मिनिटं लागली असती. ती गेली नाही. आरोप करताना ती धावत गेली होती, आता पाय उचलेना. आणि खरं सांगायचं तर संशय मेला नव्हता, त्याने फक्त दिशा बदलली होती. किल्ली आईकडे होती. आईनंतर तिच्याकडे. 'पूर्ण' हा शेरा आईचा होता.

राज्याच्या राजधानीत सगळ्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म ठेवलेल्या असतात, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी, डोळे तपासायला लिंकनला जातेय असं शेजारणीला सांगून तिने गाडी काढली. दोन तासांनी ती एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसली होती, आणि अठरा एप्रिल १९१८ चा क्लॅरियन पडद्यावर सरकत होता.

बातमी पहिल्याच पानावर होती, आणि लाजून लिहिलेली नव्हती. युद्ध चालू होतं. गावात ऑगस्ट क्लाइन नावाचा जर्मन बेकरीवाला होता. तो बायकोशी दुकानात जर्मनमधून बोलतो, युद्धकर्जाचे रोखे त्याने पुरेसे घेतले नाहीत, असा बोभाटा होता. मंगळवारी भर दुपारी 'गावातल्या तेवीस प्रमुख नागरिकांनी' त्याला दुकानाबाहेर ओढलं, गुडघ्यांवर बसवलं, झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं, आणि त्याच्या दुकानाला व घराला पिवळा रंग फासला. त्याची बायको आणि दोन मुली ओसरीवरून बघत होत्या, असंही लिहिलं होतं. ओसरी एल्म रस्त्याच्या कोपऱ्यावरची होती. शेवटी तेवीस नावं होती, सत्काराच्या यादीसारखी. पहिलं नाव हॉब्स. सातवं नाव जॉर्ज टिबेट्स. लॉर्नाचे आजोबा.

एल्म रस्त्यावरचं घर आजोबांनी 'युद्धाच्या शेवटी, गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून' घेतलं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. ते कुटुंब का जात होतं, हे विचारावं असं तिला कधी सुचलं नव्हतं. घर रंगवायला काढलं की जुन्या रंगाखाली पिवळा रंग निघायचा, तेव्हा वडील म्हणायचे, पूर्वी पिवळी घरं फार चालायची.

परतताना ती थेट आर्डिस नीमनकडे गेली. आर्डिस एक्क्याण्णव वर्षांची, आईची जिवलग मैत्रीण, वृद्धाश्रमात खिडकीजवळची खुर्ची पटकावून बसलेली.

"डोळे कसे आहेत?" आर्डिसने विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं मी डोळ्यांसाठी गेले होते?"

"इथे सगळं कळतं. पाय चालत नाहीत, कान चालतात."

लॉर्नाने फिल्मवरून काढलेली प्रत तिच्या मांडीवर ठेवली. आर्डिसने चष्मा लावला नाही. कागदावर नुसता हात ठेवला.

"आम्ही दोघींनी मिळून केलं ते," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या आईने कापलं, मी पट्टी धरली. चौऱ्याहत्तर साली. गावाला शंभर वर्षं होत होती आणि शाळेत एक नवा मास्तर आला होता, कर्तबगार. गावाच्या इतिहासाचं नाटक बसवणार म्हणाला. सगळे खंड वाचायला मागितले."

"आणि तुम्ही कापून टाकलं."

"त्या तेविसातले चार जण तेव्हा जिवंत होते, लॉर्ना. तुझे आजोबा त्यातले एक. काठी टेकत रोज पोस्टात यायचे. त्यांच्या तोंडावर ते नाटक करायचं होतं का?"

"आईने 'पूर्ण' असा शेरा मारलाय."

"तो आधीचा. तेव्हा खंड पूर्णच होता." आर्डिस थांबली. "तू तेव्हा कॉलेजात होतीस. सुट्टीला आलीस की तुला सांगेन, असं तुझी आई म्हणायची. मग नाही सांगितलं. आणि आता त्या बिचाऱ्या माणसाच्या चाकांतली हवा कुणी काढली?"

"मला माहीत नाही."

"तू सांगितलंस म्हणून काढली. हे तरी माहीत आहे ना?"

लॉर्नाने प्रत उचलून घेतली आणि ती उठली.

हार्डवेअरच्या दुकानासमोर एस्टेस गाडीत सामान भरत होता. लॉर्नाला पाहून त्याने पेटी खाली ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरला. ते मागे सरणं तिला लागलं. या माणसाला आपली भीती वाटते, हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

"अंक तुम्ही कापला नाहीत," ती म्हणाली. "माझ्या आईने कापला, पन्नास वर्षांपूर्वी. ही त्याची प्रत."

त्याने कागद घेतला, तिथेच उभ्याने वाचला. यादीपाशी त्याचं बोट सातव्या ओळीवर थांबलं.

"तुम्ही क्लाइन कुटुंबातले."

"ओसरीवरच्या दोन मुलींतली थोरली माझी आजी."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खंड दिला असतात?"

लॉर्नाने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली. मग जे दहा दिवस छातीवर बसलं होतं, ते तिने विचारून टाकलं. "तुम्हाला घर हवंय का?"

एस्टेस पहिल्यांदाच हसला, पण त्यात आनंद नव्हता. "बाई, मला दोन वर्षांची एक मुलगी हवीय. धाकटी. आना. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या साथीत गेली. आजी म्हणायची, डॉक्टर पिवळ्या घरात यायला तयार नव्हता. खरं-खोटं मला माहीत नाही, आजी तेव्हा आठ वर्षांची होती. मुलीला पुरलं आणि महिन्याभरात घर सोडलं. दगड बसवायला कुणी थांबलंच नाही. आजीला एवढंच आठवायचं: फाटकापासून बाबांची बावीस पावलं, कुंपणाकडे. मी फाटकापासून सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलं. फाटकच हलवलेलं दिसतंय."

"एकोणीसशे तीस साली हलवलं," लॉर्ना म्हणाली. आणि मग, "वही बांधणीला दिलेली नाही. माझ्या कपाटात आहे."

"मला वाटलंच होतं," एस्टेस म्हणाला. "तुम्ही बोलताना कपाटाकडे पाहिलंत."

संग्रहालयात तिने वही त्याच्यासमोर उघडली. 'क्लाइन, बालिका. ऑक्टोबर १९१८. उत्तर कुंपण, तिसरी जागा. दगड नाही.' एस्टेसने फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. मग वहीच्या पुठ्ठ्याचा, मग आधीच्या आणि नंतरच्या पानाचा. लॉर्ना बघत होती. त्याने मान वर न करता म्हटलं, "राग मानू नका. उद्या हे पान इथे असेलच, याची मला खात्री नाही."

राग मानायचा हक्क तिला नव्हता. "आणखी काढा," ती म्हणाली. "पाठपोट काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने उत्तरेच्या कुंपणाशी लोखंडी सळई टोचून पाहिली. दोन जागा घट्ट लागल्या. तिसऱ्या जागी सळई सहज उतरली, एका लहान पेटीएवढ्या जागेत. म्हातारा म्हणाला, "इथे आहे कुणीतरी." एस्टेसने टोपी काढली आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. लॉर्ना फाटकाशीच थांबली. आत यायला त्याने बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.

जाण्याआधी तिने त्याला घर बघायला बोलावलं. तो ओसरीपर्यंत आला. कठड्यावरून हात फिरवला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, दोन मुली उभ्या राहिल्या असतील तसा. आत चला म्हटल्यावर नको म्हणाला. कॉफीही नको म्हणाला. जूनमध्ये दगड पाठवतो, बसवला जाईल ना, एवढंच त्याने विचारलं.

"मी स्वतः उभी राहीन."

"फोटो पाठवा," तो म्हणाला. विश्वास ठेवतो, असं म्हणाला नाही.

व्हर्जिलला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. गावाच्या दीडशे वर्षांच्या उत्सवाची सभा होती, चर्चच्या तळघरात, तीसेक माणसं. मिरवणुकीत ट्रॅक्टर आधी की घोडे आधी, यावर अर्धा तास गेल्यावर लॉर्ना उठली आणि तिने सगळं सांगितलं. शेगडीची सावली, आई, आर्डिस, तेवीस नावं. स्वतःच्या आजोबांचं नाव तिने पहिलं घेतलं. एस्टेसविषयी आपण जे बोललो ते खोटं होतं, हे दोनदा सांगितलं.

मग मागून एक आवाज आला, "पण त्याला हवंय काय नक्की? वकील लावणार असेल."

"दगड लावणार आहे," लॉर्ना म्हणाली.

"आत्ता म्हणतोय."

व्हर्जिल म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचं कशाला उकरायचं, लॉर्ना? उत्सव तोंडावर आलाय. तुला ती पानं लावायचीच असतील तर मागच्या खोलीत लाव कुठेतरी, नांगरांपाशी."

तिने त्या चार पानांच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि तिकिटाच्या खिडकीसमोर, दारातून येणाऱ्याला पहिल्या दिसतील अशा एका चौकटीत टांगल्या. पहिल्या आठवड्यात दोन जणांनी संग्रहालयाची वर्गणी बंद केली. एकदा चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली सापडली. ती तिने सरळ केली. शेजारणीने तिच्याशी डोळ्यांच्या तपासणीबद्दल खोचक बोलून घेतलं, आणि कॅफेत आता लॉर्नाचाच कप दुसऱ्यांदा उशिरा भरला जाऊ लागला. ती आली की खिडकीजवळच्या टेबलावर विषय बदलायचा. गाव आपल्याकडे कसं बघतं, हे तिला अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

जूनमध्ये दगड आला. लहानसा, करडा, नाव आणि दोन सालं. लॉर्नाने तो बसवून घेतला आणि चारी बाजूंनी फोटो काढून स्पोकेनला पाठवले. उलट एका ओळीचं उत्तर आलं: मिळाले, आभारी आहे.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वेळी, व्हर्जिल संग्रहालयात आला. कोठारातला धुरळा अजून खांद्यांवर होता. त्याने लॉर्नाकडे पाहिलं नाही. चौकटीसमोर उभा राहून त्याने वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, एकेक ओळ. यादीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला.

"आजोबा सांगायचे, त्या दिवशी ते पेरणीला शेतावर होते," तो शेवटी म्हणाला. "बेकरीची गोष्ट आम्हाला माहीत होती गं. घरात कुजबुज असायची. पण ते शेतावर होते, असं ते दर वेळी सांगायचे. कुणी विचारलेलं नसताना."

"माझे तर काहीच सांगायचे नाहीत."

"तुझ्या आईने माझ्या आजोबांसाठी कापलं असेल का ते? त्यांचं नाव पहिलं आहे."

"मला नाही माहीत, व्हर्जिल. विचारायला ती नाही."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग टोपी हातात धरून म्हणाला, "एखादी खुर्ची आहे का? बाकीची पानंही वाचतो म्हणतो."

लॉर्नाने तिकिटाच्या खिडकीमागची आपली खुर्ची उचलून त्याच्यापुढे आणून ठेवली.